स्टेपनी नसलेली गाडी आणि रस्त्यातलं पंक्चर: आधी हवा, मग बाटली

प्रश्न असा आहे: नवी गाडी घेतली, डिकीतला गालिचा उचलून पाहिला तर खाली स्टेपनीच नाही. तिच्या जागी एक छोटा पंप आणि पांढऱ्या द्रवाची एक बाटली. जॅक नाही, पानाही नाही. रस्त्यात पंक्चर झालं तर नेमकं काय करायचं? आणि एवढ्या सामानावर लांबच्या प्रवासाला निघायचं का?

निघा. आणि पंक्चर झालं तर हात आधी पंपाकडे जाऊ द्या, बाटलीकडे नाही. माझ्या सगळ्या उत्तराचं सार एवढंच आहे, आणि ते मी टायरच्या कामात रोज बघत आलोय म्हणून सांगतो. लोक घाबरतात, पहिल्या पाच मिनिटांत बाटली टायरमध्ये रिकामी करतात, आणि टायर उघडल्यावर दिसतं की खिळा बारीक होता, हवा हळूहळू जात होती. नुसती हवा भरून गाडी दुकानापर्यंत आरामात आली असती. ट्यूबलेस टायरमध्ये खिळा किंवा स्क्रू रुतला की रबर त्याला चहूबाजूंनी आवळून धरतं. जोवर तो खिळा जागेवर आहे तोवर हवा झिरपते, एकदम सुटत नाही. पंप हवा तितक्या वेळा चालवता येतो. बाटली मात्र एकदाच कामाची असते, टायरच्या आत चिकट राडा करते आणि नंतरची दुरुस्ती अवघड करते. म्हणून ती शेवटी.

पण पंपाच्याही आधी एक गोष्ट येते. टायर वाचणार की भंगारात जाणार हे हवा गेल्यानंतरच्या पहिल्या काहीशे मीटरमध्ये ठरतं. हवा उतरलेल्या टायरवर गाडी चालली की तिचं वजन रिमच्या कडेवर येतं आणि टायरची बाजूची भिंत रिम आणि रस्ता यांच्यात चेंगरते. चाकाच्या प्रत्येक फेऱ्याला ती दुमडते, तापते आणि आतलं रबर खरवडून निघतं. असा टायर रिमवरून उतरवला की आत मूठभर काळी भुकटी सापडते, आणि भिंतीवर आतून हात फिरवला तर गोल फिरलेला खरखरीत पट्टा बोटांना लागतो. ही भुकटी दिसली की तो टायर संपला, मग खिळ्याचं भोक कितीही बारीक असो. भिंतीतले धागे कमजोर झालेले असतात आणि हवा भरल्यावर ती कधीही फाटू शकते.

त्यामुळे स्टेअरिंग एका बाजूला ओढू लागलं, फटफट आवाज यायला लागला किंवा गाडी एका कोपऱ्यात बसल्यासारखी वाटली, तर पुढच्या चौकापर्यंत नेऊ, पेट्रोल पंपापर्यंत नेऊ असा विचार करू नका. वेग उतरवा आणि पहिली सुरक्षित जागा दिसेल तिथे कडेला घ्या. ब्रेक जोरात दाबू नका. टायर चालत्या गाडीत धाडकन फुटला असेल तर ब्रेकला हातच लावू नये असं म्हणा. स्टेअरिंग दोन्ही हातांनी सरळ धरायचं, अ‍ॅक्सिलरेटरवरचा पाय हळूच काढायचा, गाडी आपोआप मंदावली की मग बाजूला घ्यायची.

याला अपवाद एकच. जागा धोक्याची असेल, म्हणजे वळण, अरुंद पूल, बोगदा किंवा कडेला जागाच नसलेला रस्ता, तर टायरची काळजी सोडून द्या. हझार्डचे दिवे लावून चालण्याच्या वेगाने गाडी पुढे न्या आणि मोकळ्या जागी थांबा. टायर जाईल, कदाचित रिमही जाईल. दोन्ही विकत मिळतात.

थांबल्यावर हँडब्रेक लावा. गाडीतली माणसं रहदारीच्या उलट्या बाजूच्या दारातून उतरवा आणि रस्त्यापासून लांब, कठडा असेल तर कठड्याच्या पलीकडे उभी करा. मुलं गाडीतच बसू देत, बाहेर ऊन आहे, असं नको. वेगवान रस्त्यावर कडेला थांबलेल्या गाडीत बसणं ही सगळ्यांत वाईट जागा. आणि पंक्चर रहदारीच्या बाजूच्या चाकाला असेल, शेजारून गाड्या सुसाट जात असतील, तर तिथे गुडघे टेकून पंप लावण्याचं एकही कारण मला पटत नाही. कठड्यामागे उभं राहून मदतीला फोन करा. पुढचं सगळं शांत, सपाट जागेसाठी आहे.

आता टायरकडे बघू. बहुतेक नव्या गाड्यांत हवा कमी झाल्याचा दिवा असतो. अमेरिकेतल्या नियमाप्रमाणे ठरलेल्या दाबापेक्षा २५ टक्के हवा कमी झाली की हा दिवा लागलाच पाहिजे. युरोपात नोव्हेंबर २०१४ पासून प्रत्येक नव्या मोटारीत ही यंत्रणा सक्तीची आहे. म्हणजे ज्या टायरमध्ये २.३ बार, साधारण ३३ पीएसआय, हवा हवी, तिथे दिवा लागेपर्यंत ती १.७ च्या आसपास आलेली असू शकते. दिवा लागला पण गाडी तर सरळ चालतेय, असं म्हणून तासभर पुढे जाणारे पुष्कळ असतात. तोच तास टायरला महागात पडतो. काही गाड्यांत चाकाच्या आत सेन्सर असतो, तो प्रत्येक टायरचा आकडा दाखवतो. काहींत सेन्सर नसतोच. हवा कमी झालेल्या चाकाचा घेर थोडा घटतो, ते इतरांपेक्षा जरा जास्त फिरतं, आणि गाडी तो फरक पकडते. असा दिवा बहुधा नेमका आकडा सांगत नाही. हवा भरल्यावर त्याला मेनूतून किंवा बटणाने नव्याने सेट करावं लागतं, नाहीतर तो खोटंच बोलत राहतो.

पंपाला हवेचा दाब दाखवणारा गेज असतो. तो लावून संशयित टायरची हवा मोजा आणि त्याच अ‍ॅक्सलवरच्या दुसऱ्या टायरशी ताडून बघा. गरम टायरमध्ये आकडा चढा दिसतो, म्हणून पुस्तकातल्या आकड्यापेक्षा शेजारच्या चाकाशी केलेली तुलना जास्त खरी असते.

मग वॉल्व्ह. हे लोक तपासतच नाहीत आणि मला याचं फार वाईट वाटतं, कारण याला काही लागत नाही. वॉल्व्हचं टोपण काढा, बोटावर थुंकी घेऊन वॉल्व्हच्या तोंडावर लावा आणि दहा सेकंद बघा. बुडबुडा फुगला तर आतली पिन सैल आहे किंवा तिच्यात कचरा अडकलाय. पिन आवळायची छोटी चावी मिळते. ती अर्धा फेरा फिरवली की बऱ्याचदा काम होतं. चावी नसेल तर हवा भरून रबरी वॉशरचं टोपण घट्ट बसवा, दुकानापर्यंत तेवढं पुरतं. वॉल्व्हचा देठच चिरला असेल, वाकवल्यावर सूं आवाज येत असेल, तर रस्त्यावर त्याला उपाय नाही. बाटलीचाही उपयोग होत नाही.

वॉल्व्ह ठीक असेल तर टायरची नक्षी, म्हणजे रस्त्याला टेकणारा खाचांचा भाग, बघा. पुढचं चाक असेल तर स्टेअरिंग एका बाजूला पूर्ण वळवा, म्हणजे चाकाचा चेहरा बाहेर येतो. मागचं असेल तर गाडी अर्धा फेरा पुढे घ्यावी लागते, पण टायर पूर्ण बसला असेल तर आधी थोडी हवा भरून मगच. मोबाइलचा दिवा तिरका पाडा. स्क्रूचं डोकं घासून चकचकीत झालेलं असतं, ते उजेडात लगेच चमकतं. काही सापडलं तर कृपा करून उपटू नका. झिरपणाऱ्या हवेला तोच बुचासारखा अडवून बसलाय. खिळा दिसत नसेल तर पाण्यात थोडा साबण कालवून नक्षीवर, रिमच्या कडेवर आणि वॉल्व्हच्या बुडाशी ओता. जिथे बारीक फेस उठून वाढत जातो ती जागा.

बाजूच्या भिंतीकडे मात्र बारकाईने बघा. तिथे चीर, भोक किंवा फुगवटा दिसला, तर पंप, बाटली, पट्टी सगळं परत डिकीत ठेवा. भिंत प्रत्येक फेऱ्याला वाकते, तिथे कोणताही सांधा टिकत नाही. खड्ड्यात चाक जोरात आपटून हवा गेली असेल तर बहुतेक वेळा भिंत चिमटून फाटलेली असते किंवा रिम वाकलेली असते. अशा वेळी गाडी उचलूनच न्यावी लागते.

भिंत शाबूत आहे आणि टायर रिकामा चालवलेला नाही, एवढी खात्री झाली की पंप लावा. इंजिन चालू ठेवा, नाहीतर बॅटरी उतरेल. इलेक्ट्रिक गाडी असेल तर ती चालायला तयार अवस्थेत असू द्या. बंद गॅरेजमध्ये इंजिन चालू ठेवून हे काम करू नये, धूर जीवघेणा असतो. दाराच्या खांबावर किंवा इंधनाच्या झाकणाच्या आत लावलेल्या स्टिकरवर जो दाब लिहिलाय तेवढी हवा भरा, थोडी जास्त झाली तरी चालेल. मात्र टायरवर छापलेल्या कमाल आकड्याच्या वर जाऊ नका. छोटे पंप आठ-दहा मिनिटं सलग चालले की तापतात. तेवढ्यात झालं नाही तर त्याला थोडी विश्रांती द्या. टायर अगदीच बसला असेल आणि पंप लावूनही काटा हलत नसेल, तर हवा रिमच्या कडेवरून सुटतेय किंवा भोक मोठं आहे.

हवा भरली की दहा मिनिटं थांबा. इथे घाई करू नका, कारण पुढचा निर्णय याच दहा मिनिटांवर आहे. समजा २.४ बार भरली आणि दहा मिनिटांनी २.३ झाली. म्हणजे अर्ध्या तासात ती २.१ च्या आसपास येईल. अशी गाडी बेताच्या वेगात दुकानापर्यंत जाते. वाटेत दर वीसेक मिनिटांनी थांबून मोजा, लागली तर भरा. दहा मिनिटांत अर्धा बार गेली असेल आणि दुकान पाच मिनिटांवर असेल तरीही भरून जाता येतं. पण दुकान लांब असेल, रात्र असेल किंवा हवा भरताभरताच सूं करून बाहेर येत असेल, तर पुढचं पाऊल उचलावं लागतं. ते म्हणजे पट्टी किंवा बाटली.

पट्टी म्हणजे पंक्चर किटमधली डिंकात भिजवलेली जाड, चिकट दोरी. हे किट गाडीसोबत येत नाही, वेगळं घ्यावं लागतं, आणि ज्याला हाताने काम करायची सवय आहे त्याला मी ते आवर्जून घ्यायला सांगतो. चाक काढावं लागत नाही, म्हणजे जॅक नसला तरी अडत नाही. आधी टायरमध्ये हवा भरून घ्या, मऊ टायरमध्ये टोचा, म्हणजे भोक साफ करायचं किटमधलं हत्यार, जात नाही, टायरच आत दबतो. पट्टी किटमधल्या सुईच्या नेढ्यात ओवून तयार ठेवा, मग पकडीने स्क्रू काढा. काढताना तो कोणत्या कोनात गेलाय हे नीट बघा, कारण टोचा त्याच वाटेने जायला हवा. टोच्याला कानशीसारखे दाते असतात. तो अंगाचा जोर लावून आत घालायचा आणि पाच-सात वेळा वरखाली फिरवायचा. आत पोलादी तारांचे थर असतात, त्यांची टोकं या घासण्याने बोथट होतात. नाहीतर तीच टोकं नंतर पट्टी कापतात. लोक इथेच कमी पडतात, भोक मोठं होईल या भीतीने टोचा नावापुरता फिरवतात. मग पट्टी अर्ध्यावर अडते. सुई आत रेटा, पट्टीची दोन्ही टोकं बोटभर बाहेर राहतील इतकीच, आणि मग न फिरवता एका झटक्यात सरळ बाहेर ओढा. टोकं नक्षीच्या थोडी वर कापा. थुंकी किंवा साबणाचं पाणी लावून बुडबुडे येतात का बघा.

हे काम रस्त्यात पहिल्यांदा करू नका. टायरच्या दुकानातून एखादा टाकाऊ टायर मागून घ्या, त्यात स्वतः खिळा ठोका आणि दोन-तीन पट्ट्या भरून बघा. टोच्याला किती जोर लागतो हे सांगून कळत नाही. तेवढा जोर मनगटात नसेल तर पट्टीचा नाद सोडा आणि बाटलीवर या. त्यात काही कमीपणा नाही.

बाटलीत असतं काय? बहुतेक द्रवांत रबराचा चीक, म्हणजे लेटेक्स, आणि थंडीत गोठू नये म्हणून ग्लायकॉल. हवेच्या दाबाने तो भोकाकडे ढकलला जातो, तिथे त्याचे कण आणि धागे अडकतात आणि भोक बुजतं. नक्षीच्या भागातलं साधारण ४ मिलिमीटरपर्यंतचं भोक तो बंद करतो, काही द्रव ६ मिलिमीटरपर्यंतचा दावा करतात. वापरण्याआधी बाटलीवरची तारीख बघा. हे द्रव काही वर्षांत घट्ट होतात. मुदत संपलेली बाटली नळीतच चोंदते, आणि मग पंपही हातचा जातो.

खिळा आत तसाच असू द्या. बाटली जोरात हलवा, पंपाला जोडा, नळी वॉल्व्हवर घट्ट फिरवा आणि पंप सुरू करा. काही जुन्या किटमध्ये बाटली हाताने पिळावी लागते आणि त्याआधी वॉल्व्हची पिन काढावी लागते. तुमचं कोणतं आहे ते घरीच वाचून ठेवा. सुरू झाल्याबरोबर गेजचा काटा पाच-सहा बारपर्यंत चढलेला दिसेल. घाबरून नळी उपटू नका. घट्ट द्रव बारीक वॉल्व्हमधून जाताना नळीत दाब साठतो, तो आकडा टायरचा नव्हे. अर्ध्या-एक मिनिटात बाटली रिकामी होते, काटा खाली येतो आणि मग खऱ्या हवेचा आकडा हळूहळू चढू लागतो. त्या एका मिनिटात नळी काढणाऱ्यांचे कपडे, हात, गाडी सगळं पांढरं होतं आणि बाटली वाया जाते. द्रव ओला असतानाच पाण्याने धुवा. डोळ्यांत जाऊ देऊ नका, आणि लेटेक्सची अ‍ॅलर्जी असलेल्याने याला हात लावू नये.

दहा मिनिटांत १.८ ते २ बार हवा झाली नाही, तर नळी काढून गाडी दहा मीटर पुढे-मागे करा, म्हणजे द्रव आत सगळीकडे पसरतो. पुन्हा पंप लावा. तरीही काटा चढत नसेल तर भोक बाटलीच्या आवाक्यातलं नाही. तिथेच थांबा आणि मदत बोलवा. हवा झाली तर मात्र लगेच निघा. उभ्या गाडीत द्रव टायरच्या तळाशी साचतो आणि भोकापर्यंत पोचत नाही. चाक फिरलं तरच तो काम करतो. वेग ८० च्या आत. किटमध्ये वेगमर्यादेचा स्टिकर असतो तो चालवणाऱ्याच्या नजरेसमोर चिकटवा. पाचेक किलोमीटर किंवा दहा मिनिटं गेल्यावर थांबून हवा मोजा. ती १.३ बारच्या, म्हणजे १९ पीएसआयच्या खाली आली असेल तर पुढे जायचं नाही. १.३ च्या वर असेल तर दाराच्या खांबावरच्या स्टिकरवर लिहिलेल्या दाबापर्यंत भरा आणि जवळचं दुकान गाठा. काही उत्पादक १०० किलोमीटरची मर्यादा घालतात, काही २०० ची. ती आणीबाणीची मर्यादा आहे, घरी पोचून आठवडाभर तसंच फिरण्याची परवानगी नाही.

बाटली एक टायर वाचवते. एकाच खड्ड्यात त्याच बाजूची दोन्ही चाकं गेली, असं होतं, आणि तिथे उचलून नेण्याला पर्याय नाही. बोलावताना फ्लॅटबेडच, म्हणजे अख्खी गाडी पाठीवर चढवून नेणारा ट्रकच, मागा. चारही चाकांना ताकद देणाऱ्या गाड्या आणि बहुतेक इलेक्ट्रिक गाड्या दोन चाकं जमिनीवर ठेवून ओढल्या तर आतलं नुकसान होतं.

एक वेगळा प्रकार रन-फ्लॅट टायरचा. त्यांची भिंतच इतकी जाड असते की हवा शून्य झाली तरी ती गाडी पेलते. साधारणपणे ८० च्या वेगाने ८० किलोमीटर. पंक्चर झालेलं नुसत्या नजरेला कळतही नाही, दिव्यावरच विसंबावं लागतं. तुमचे टायर तसे आहेत का हे भिंतीवरच्या खुणेवरून आणि गाडीच्या पुस्तकावरून आताच बघून ठेवा. हवा नसताना चालवलेला रन-फ्लॅट पुन्हा दुरुस्त करू नये असं बरेच उत्पादक सांगतात, आणि मीही तेच सांगेन. इलेक्ट्रिक गाड्यांच्या काही टायरमध्ये आवाज कमी करायला आतून फोम चिकटवलेला असतो. तो कापल्याशिवाय आतून पॅच बसत नाही, दुकानदाराला आधी कल्पना द्या.

दुकानात पोचल्यावर पहिलं वाक्य हे असू द्या: यात बाटली वापरलेली आहे. काही तयार डब्यांत जळाऊ वायू असतो, आणि टायरच्या आत काय आहे हे न कळता काम करणाऱ्याला त्याचा धोका असतो. शिवाय टायर उघडल्याबरोबर द्रव अंगावर येतो, सेन्सर असेल तर तो पुसून घ्यावा लागतो. दुसरं, टायर रिमवरून उतरवून आतून बघायला सांगा. बाहेरून पट्टी कोंबून दोन मिनिटांत पाठवणी करणाऱ्याला ती काळी भुकटी दिसणारच नाही. नक्षीच्या मधल्या भागातलं, ६ मिलिमीटरपर्यंतचं भोक नीट दुरुस्त होतं: भोकात रबरी देठ आणि आतून पॅच, दोन्ही एकत्र. ब्रिटनचं दुरुस्तीचं मानक बीएस एयू १५९ साध्या दुरुस्तीसाठी नक्षीचा मधला तीन-चतुर्थांश भागच धरतं, खांद्याचा, म्हणजे नक्षी भिंतीला मिळते तिथला, भाग नाही. तुम्ही रस्त्यात घातलेली पट्टी मी काढून टाकतो आणि हीच दुरुस्ती करतो. पट्टी वर्षानुवर्षं टिकल्याची उदाहरणं लोक सांगतात, आणि ती खरीही असतात. पण तारांच्या थरापर्यंत ओल गेली की गंज आतून पसरतो, तो बाहेरून दिसत नाही.

आता निघण्याआधीची तयारी. पंप एकदा घरीच गाडीच्या सॉकेटला लावून चालवा. काही गाड्यांत ते सॉकेट इंजिन बंद असताना मेलेलं असतं, काहींत फ्यूज गेलेला असतो आणि तो कुणाला ठाऊकच नसतो. पंपाची वायर मागच्या चाकापर्यंत पोचते ना, हेही तेव्हाच कळतं. नट चोरीला जाऊ नयेत म्हणून कुलपाचा नट बसवलेला असेल तर त्याची चावी कुठे आहे ते शोधा. तुम्ही स्वतः चाक काढणार नसलात तरी दुकानदाराला ती लागणारच, आणि ती नसली की दहा मिनिटांच्या कामाला अर्धा दिवस जातो. टायरच्या भिंतीचा फोटो मोबाइलमध्ये ठेवा: २०५/५५ आर १६ असा आकडा, त्यापुढचं वजन आणि वेगाचं चिन्ह, आणि बनल्याची तारीख सांगणारे चार अंक, ज्यांत पहिले दोन आठवडा आणि पुढचे दोन वर्ष सांगतात. टायर फाटलाच तर या फोटोवर दुकानदार फोनवरच सांगू शकतो की त्याच्याकडे तो आहे की नाही. साइज नेहमीची नसेल तर हा फोन फार मोलाचा.

सोबत पक्कड, वॉल्व्हची चावी, हातमोजे, डोक्याला लावायचा टॉर्च, चमकणारं जॅकेट आणि लहान बाटलीत साबणाचं पाणी ठेवा. पंक्चरच्या द्रवाच्या बाटलीची मुदत जवळ आली असेल तर ती बदला. आणि चारही टायरची हवा थंड असताना भरून घ्या. कमी हवेवर चालणारा टायर जास्त वाकतो आणि जास्त तापतो. लांबच्या प्रवासात तोच आधी दगा देतो.

ज्यांचा प्रवास बहुतेक निर्जन रस्त्यांवरून होतो, जिथे फोनला रेंज नाही आणि दुकान तासातासाच्या अंतरावर आहे, त्यांना मात्र मी वेगळं सांगतो. त्यांनी बारीक स्टेपनी विकत घ्यावी. गाडी बनवणाऱ्यांनी ती काढली ती वजन आणि जागा वाचवायला. ती परत ठेवल्याने गाडीचं काही बिघडत नाही. पण घेताना नटांच्या भोकांचं अंतर, मधल्या भोकाचा व्यास आणि चाकाचा एकूण घेर तुमच्या गाडीला जुळला पाहिजे, आणि ते चाक ब्रेकच्या कॅलिपरला घासता कामा नये. दुकानातच पुढे आणि मागे एकेकदा बसवून फिरवून बघा. जॅक तुमच्या गाडीच्या वजनाचा घ्या आणि तो कुठे लावायचा त्या खुणा चेसिसच्या कडेला आधीच शोधून ठेवा. इलेक्ट्रिक गाडीत चुकीच्या जागी लावलेला जॅक थेट बॅटरीच्या पेटीला भिडतो. एअर सस्पेन्शन असेल तर ते जॅकच्या मोडवर टाकायला विसरू नका. या चाकावरही ८० ची मर्यादा पाळा. आणि ते डिकीत सुटं टाकू नका. तळाच्या कड्यांना दोन पट्टे लावून आवळून बांधा, कारण जोराचा ब्रेक लागला तर ते मागच्या सीटवर येऊन आदळतं.